काम करून आणलेल्या गाडीत नवाच दिवा: दोन वेळा घालवला, दोन वेळा परत आला

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून घूं घूं असा आवाज यायला लागला. साठच्या पुढे गेलं की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागायचं. उजवीकडे वळलं की आवाज वाढायचा, डावीकडे वळलं की जवळजवळ बंद. उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकावर येतो, त्यामुळे डावं बेअरिंग गेलंय हे सांगायला कुणी ज्योतिषी लागत नव्हता. बेअरिंग बदललं, आवाज गेला, मी खूश. चौथ्या दिवशी मीटरमध्ये पिवळा एबीएसचा (ब्रेक जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या सोयीचा) दिवा लागला.

पहिल्यांदा गॅरेजवाल्यानं कपलर (वायरींचा जोड) साफ केला, स्कॅनर लावून कोड, म्हणजे गाडीनं साठवलेला दोषाचा नंबर, उडवला, पैसे घेतले नाहीत. सहा दिवसांनी दिवा परत. दुसऱ्यांदा चाकाचा सेन्सर बदलला, २,३०० रुपये. नवव्या दिवशी दिवा परत. तिसऱ्यांदा त्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मालक, मॉड्यूल गेलं असंल." मॉड्यूलचा, म्हणजे एबीएसच्या कॉम्प्युटरचा, आकडा ऐकला आणि चावी परत मागून घेतली.

दोष शेवटी एका प्लॅस्टिकच्या तुटक्या लॉकमध्ये आणि जागेवर न बसवलेल्या एका रबरात निघाला. तिथपर्यंत कसा पोचलो ते सविस्तर लिहितोय, कारण मला विचारणारे तीन-चार जण झालेत आणि प्रत्येकाची गोष्ट सारखीच आहे: काम झालं, दिवा लागला, कोड उडवला, दिवा परत.

आधी रंग बघा. लाल दिवा असेल तर पुढचं काहीही वाचत बसू नका. ऑइल बदलून आणलं आणि ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला, तर त्याच क्षणी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. खालचा बोल्ट किंवा फिल्टर गळत असेल तर "गॅरेजपर्यंत तरी नेतो" या दोन किलोमीटरमध्ये इंजिन बसतं. ब्रेकचं काम झाल्यावर लाल ब्रेकचा दिवा लागला, तर हँडब्रेक पूर्ण सुटलाय का आणि ब्रेक ऑइल डबीत खुणेपर्यंत आहे का ते बघा. तेल कमी असेल तर गाडी हलवूच नका. नुसता पिवळा एबीएस असेल तर साधा ब्रेक नेहमीसारखा लागतो, फक्त जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सोय बंद असते. पण पिवळा एबीएस आणि लाल ब्रेक दोन्ही एकदम लागले, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. अशा वेळी मागचं चाक आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. पेट्रोल गाडीत प्लग किंवा कॉइलचं काम झाल्यावर चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला तरी तो लालच समजा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो, आणि त्याची किंमत कॉइलच्या कितीतरी पट आहे.

माझा दिवा पिवळा, एकटा आणि स्थिर. त्यामुळे विचार करायला वेळ होता.

आता कोड उडवण्याबद्दल. आमच्या वडिलांचे चार यंत्रमाग होते. ताण्याचा धागा तुटला की त्याच्यावर लोंबणारी पातळ पत्री खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. एखादा कंटाळलेला कामगार ती व्यवस्थाच बांधून ठेवायचा. माग धडधडत राहायचा, आणि संध्याकाळी टॉवेलमध्ये वीतभर लांब रेघ. कोड न वाचता उडवणं म्हणजे तेच. इंजिनच्या कोडबरोबर तर त्या क्षणाचा वेग, इंजिनचं तापमान, आरपीएम अशी नोंदही साठवलेली असते. कोड उडवला की तीही जाते आणि पुढचा माणूस आंधळा होतो. म्हणून गॅरेजात शिरताना एवढंच म्हणा: आधी कोडचा फोटो, मग काय उडवायचं ते उडवा. कोडच्या शेजारी "करंट" लिहिलंय की "हिस्टरी" तेही फोटोत आलं पाहिजे. करंट म्हणजे दोष आत्ता या क्षणी आहे. हिस्टरी म्हणजे येऊन गेला. माझ्या गाडीत गॅरेजात पोचेपर्यंत प्रत्येक वेळी हिस्टरीच निघायचं. याचा अर्थ तेव्हाच लक्षात यायला हवा होता: जो दोष येतो आणि जातो, तो बहुतेक वेळा सुटणाऱ्या-जुळणाऱ्या जोडात असतो. मेलेला सेन्सर दर दोन दिवसांनी जिवंत होत नाही.

कोड होता सी ००३५, पुढच्या डाव्या चाकाच्या वेगाचा सेन्सर. पहिलं अक्षर सी म्हणजे चासी, ब्रेक-स्टिअरिंगकडचा भाग. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे मॉड्यूलचं एकमेकांशी बोलणं. इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कोडमध्ये "सेन्सर" असं लिहिलेलं असलं तरी कोड सेन्सर गेलाय असं म्हणत नाही. त्या वाटेवरून बातमी येत नाहीये, एवढंच तो सांगतो. वाटेत सेन्सर आहे, वायर आहे, कपलर आहे, पुढची वायरिंग आहे, मॉड्यूल आहे. गॅरेजवाला त्यातली सगळ्यात सहज विकत मिळणारी वस्तू बदलतो.

आणि हो, ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर घेऊन बसला असाल तर तो बहुतेक गाड्यांत फक्त इंजिनचे कोड वाचतो. एबीएसचा दिवा समोर ढणढणीत जळत असतो आणि मोबाईलवर "नो फॉल्ट" येतं. मी यात एक अख्खा रविवार घालवलाय. एबीएस आणि एअरबॅग वाचणारा स्कॅनर वेगळा लागतो. माझ्या एका मित्राकडे होता.

मित्राचा पहिला संशय बेअरिंगवरच. "उलटं बसवलं नाही ना बे त्यानं?" हा संशय चांगला आहे, म्हणून नीट सांगतो. बऱ्याच नव्या गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण असे बारीक बारीक ध्रुव गोलाकार छापलेले असतात. चाक फिरलं की ते ध्रुव सेन्सरसमोरून जातात आणि सेन्सर ते मोजतो. डोळ्याला ती पट्टी साध्या काळ्या-तपकिरी रबरासारखीच दिसते, त्यामुळे बेअरिंग दोन्ही बाजूंनी सारखंच वाटतं. उलटं बसलं तर पट्टी बाहेरच्या बाजूला जाते आणि सेन्सरला काहीच दिसत नाही. बसवण्याआधी स्टेपलरची पिन टेकवून बघायची. ज्या बाजूला चिकटते ती बाजू सेन्सरकडे. दुसरी चूक म्हणजे ते बेअरिंग लोखंडाच्या किसात किंवा चुंबकाशेजारी ठेवणं. पट्टीवर कीस चिकटला की आकडे चुकायला लागतात.

पण माझ्या गाडीत तसं असतं, तर दिवा पहिल्याच दिवशी, गॅरेजातून निघून गाडीनं जरा वेग धरताच लागला असता आणि रोज लागला असता. माझा लागला चौथ्या दिवशी. दिवा केव्हा लागतो यातच अर्धं निदान असतं. चावी ऑन केल्यावर सगळे दिवे लागतात आणि काही सेकंदांत विझतात, ती तपासणी असते. एबीएसचा त्या वेळी विझलाच नाही, तर फ्यूज, तुटलेली वायर, सुटलेला कपलर, म्हणजे विजेचा दोष. विझला आणि गाडी थोडी पळाल्यावर लागला, तर बेअरिंगची पट्टी, सेन्सर आणि पट्टीमधलं अंतर, सेन्सरखाली साचलेला गंज. आणि कधी लागतो, कधी नाही असं असेल, तर वही काढा.

मी खरंच काढली. उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर तारीख, वेळ, जागा, काय करत होतो. पाच नोंदी झाल्या आणि माझं मलाच हसू आलं. पाचही वेळा दिवा लागला तो सोलापुरात साखर पेठेतल्या आमच्या गोदामाच्या बोळातून गाडी बाहेर काढताना. तिथं स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण कापल्याशिवाय गाडी निघतच नाही. जुळे सोलापुरातून विजापूर रोडनं सरळ येताना एकदाही नाही. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत जाताना खड्ड्यांत आपटली, तरी नाही. बोळातून निघताना लागायचा, एमआयडीसीपर्यंत जळत राहायचा, तिथं गाडी बंद करून परत चालू केली की गायब. इतके दिवस मी समजत होतो की "लांब चालवली की लागतो". प्रत्यक्षात तो निघतानाच लागलेला असायचा, माझं लक्ष अशोक चौकाच्या गर्दीतून सुटल्यावर जायचं.

मग एका रविवारी पहाटे मुलीला शेजारी बसवून, मांडीवर मित्राचा स्कॅनर देऊन मोकळ्या रस्त्यावर गेलो. चालवणाऱ्यानं स्कॅनर बघायचा नाही, दुसरा माणूस पाहिजेच. चारही चाकांचे वेग पडद्यावर लावले. सरळ रस्त्यावर ती वाचत होती, "बावीस, बावीस, बावीस, बावीस." चारही सारखे, म्हणजे पट्टी ठीक, सेन्सर ठीक. वळणावर बाहेरच्या चाकाचा आकडा थोडा जास्त येतो, त्याला लांबचा पल्ला पडतो; त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मग रस्ता रिकामा बघून उजवीकडे पूर्ण कापून हळू वळवली. "पप्पा, डावं पुढचं शून्य झालं!" आणि मीटरमध्ये पिवळा दिवा.

तिथंच बाजूला घेतली, बंद करून परत चालू केली. न्यूट्रल, हँडब्रेक. गाडी जागेवर उभी, चाक फिरत नाही. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे: काही नाही. पूर्ण उजवीकडे: दिवा लागला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात मोलाची दोन मिनिटं. चाक फिरतच नाहीये, म्हणजे बेअरिंग, पट्टी, अंतर यांचा संबंध संपला. उरली फक्त वायर, जी स्टिअरिंगबरोबर हलते.

स्टिअरिंग उजवीकडे ठेवूनच इंजिन बंद केलं, हँडब्रेक आणि मागच्या चाकाला दगड लावून मोबाईलची बॅटरी चाकामागे धरली. (चाक जमिनीवरच होतं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात-डोकं घालू नका, कितीही छोटं काम असो.) सेन्सरची वायर पतंगाच्या दोरीसारखी ताणलेली. ही वायर चाकाकडून निघते, शॉकअपवरच्या एका छोट्या पत्र्याच्या क्लिपमध्ये रबरानं अडकवलेली असते आणि मग वर मडगार्डच्या आत कपलरला जाते. रबर मधे अडकलेलं असलं की स्टिअरिंगचा सगळा ओढा तिथंच थांबतो. माझ्या गाडीत क्लिप रिकामी, रबर बाहेर लोंबतंय, त्याच्यावर चिखलाचा थर. बेअरिंगसाठी शॉकअपचे बोल्ट सोडताना ते काढलं असणार आणि परत बसवायचं राहिलं. त्यामुळे उजवीकडे कापलं की सगळा ताण थेट वरच्या कपलरवर. लायनरचे (मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराचे) दोन स्क्रू काढून कपलर बघितला, तर गाडीच्या वायरिंगकडच्या अर्ध्या भागाचं लॉक तुटलेलं. हातानं दाबला की बसतो, "टक्" असा आवाज मात्र येत नाही. ओढला की केसभर मागे सरकतो.

आता आधीच्या दोन दुरुस्त्यांकडे बघा. कोड उडवला तेव्हा कपलर काढून साफ केला आणि दाबून बसवला. सेन्सर बदलला तेव्हाही कपलर काढला आणि दाबून बसवला. नव्या सेन्सरबरोबर त्याची वायर आणि अर्धा कपलर नवा आला, पण तुटकं लॉक गाडीच्या बाजूला, ते तसंच राहिलं. दिवा दोन्ही वेळा गेला तो कपलर हातानं दाबला म्हणून. श्रेय एकदा स्कॅनरला गेलं आणि एकदा सेन्सरला. एखादी दुरुस्ती चार-आठ दिवस टिकून दोष परत येत असेल, तर नवं काय बदलावं हे विचारण्याआधी मागच्या प्रत्येक वेळी कशाकशाला हात लागला होता ते विचारा. सगळ्या वेळांत जे समान निघेल, तिथं बसा.

दुरुस्ती साधी. रबर क्लिपमध्ये परत बसवलं. कपलरचा गाडीकडचा भाग वायरच्या तुकड्यासह नवा मिळाला. दोन वायरी पुढे-मागे कापून, म्हणजे दोन्ही जोड शेजारी-शेजारी येणार नाहीत असे, सोल्डर केले आणि वर गरम केल्यावर आकसणारी नळी चढवली. नुसती काळी टेप लावू देऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ अंशांत तिचा गोंद पाझरतो आणि जूनमध्ये तिच्यात पाणी शिरतं. जोड वायर वाकते त्या जागी येऊ द्यायचा नाही. शेवटी चाक जमिनीवर असताना आणि नंतर घोडीवर (गाडी टेकवायच्या स्टँडवर) उचलून लोंबतं असताना, दोन्ही वेळा स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून वायरला ढील आहे ना ते बघितलं. सगळं धरून ४५० रुपये.

मल्टिमीटरवाल्यांसाठी एक इशारा. जुन्या गाड्यांतल्या कॉइलच्या सेन्सरचा रेझिस्टन्स मोजता येतो, साधारण हजार ओहमच्या आसपास निघतो. नव्या गाड्यांतले दोन वायरींचे सेन्सर इलेक्ट्रॉनिक असतात. त्यांना ओहममीटर लावून काही कळत नाही, उलट सेन्सर खराब होऊ शकतो. तिथं कपलर सोडून गाडीकडच्या बाजूला, चावी ऑन करून, व्होल्टेज येतंय का तेवढं बघावं. कपलर सुटलेला असताना चावी ऑन केली की त्याचा आणखी एक कोड बसतो, तो नवा दोष समजू नका. भारतात एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, तेव्हा हा प्रश्न आता फक्त महागड्या गाडीवाल्यांचा राहिलेला नाही.

दुसऱ्या कामांनंतरच्या दिव्यांनाही हीच रीत लागू पडते, हात कुठं लागला होता? एअर फिल्टर बदलल्यावर चेक इंजिन लागला आणि पी ०१०२ व पी ०११३ दोन्ही कोड आले, तर दोन सेन्सर एकदम गेले असं नसतं. अनेक गाड्यांत हवेचं मोजमाप आणि हवेचं तापमान एकाच सेन्सरमध्ये असतं, त्याचा एकच कपलर लावायचा राहिलेला असतो. सीट कव्हर घातल्यावर किंवा सीट काढून गाडी आतून धुतल्यावर एअरबॅगचा दिवा लागला, तर सीटखालचा पिवळा कपलर. त्याला टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर काही लावायचं नाही. बॅटरीची वायर काढून काही मिनिटं थांबून मगच हात, आणि दिवा बहुतेक वेळा स्कॅनरशिवाय विझत नाही. बॅटरी बदलल्यावर ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला, तर बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवलं आणि थोडं सरळ चालवलं की जातो. टायर बदलल्यावर एबीएस किंवा ईएसपी लागला, तर चारही टायरवरचे आकडे वाचा, एखादा वेगळ्या मापाचा निघू शकतो. पान्याचा (स्पॅनरचा) दिवा मात्र बऱ्याच गाड्यांत दोष नसतो, सर्व्हिसची आठवण असते; आपल्या गाडीचं पुस्तक बघा. त्यावरून भांडायला जाऊ नका, मी गेलोय.

गॅरेजवाल्याकडे मी परत गेलो, तुटका कपलर आणि रिकाम्या क्लिपचा फोटो घेऊन. आवाज चढवला नाही. त्यानं फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "रबर आमचंच राहिलं मालक, पण लॉक आधीच तुटलेलं असंल. ऊन खाऊन प्लॅस्टिक कडक होतंय." खरं असेलही. आठ वर्षांची गाडी, रोज उन्हात उभी, ते लॉक कुणाच्याही हातात तुटलं असतं. सेन्सरच्या पैशांऐवजी त्यानं पुढची सर्व्हिस मजुरीशिवाय करून दिली, मी मान्य केलं.

त्यानंतर सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत पार्किंग शोधत गाडी दहा वेळा फुल कापून झाली, तुळजापूर झालं, अक्कलकोट तर दर महिन्याला. दिवा नाही. काढलेला जुना सेन्सर कपलरला लावून बघितला, ठणठणीत आहे. कापडात गुंडाळून डिकीत स्टेपनीशेजारी ठेवलाय.